‘तरच’ला डचमध्ये काय म्हणतात?

‘मीच’ हा शब्द मोठ्याने म्हणा. आता त्यातली दीर्घ ई र्‍हस्व करा. डचमधला ‘मित्स’ तयार झाला. स्पेलिंग एम, आय, टी, एस. मराठीतला ठासून सांगणारा ‘च’ (मीच, आजच, तरच) आपण दातांपाशी उच्चारतो, आणि तो बरोबर डच ‘त्स’सारखा निघतो. योगायोग असा की अर्थानेही हा शब्द आपल्या ‘तरच’च्या अगदी शेजारी राहतो.

नेदरलँड्समध्ये राहणार्‍या मराठी माणसाला ‘आल्स’ (ए, एल, एस), म्हणजे साधं ‘जर’, पहिल्या महिन्यात येतं. मित्स मात्र वर्षानुवर्षं कागदावर दिसत राहतो आणि तोंडात येत नाही. घरभाड्याच्या करारात, विम्याच्या अटींत, पालिकेच्या पत्रात, दुकानाच्या पावतीमागे तो असतोच. शिकवणीत त्याचं भाषांतर इंग्रजीतून करून देतात आणि तिथेच घोळ सुरू होतो, कारण इंग्रजीतला ‘प्रोव्हायडेड दॅट’ आपल्याला जड वाटतो आणि मराठीतला हाताशी असूनही आठवत नाही.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल आधी थोडं. डच टी आणि डी आपल्या ट-डपेक्षा त-दला जवळचे आहेत, म्हणून इथे त, द वापरलाय. डच जी हा घशातून घासत येणारा ख. त्यात ‘खटारा’तल्या खचा हकार नको. डच व्ही हा व आणि फ यांच्या मधला, तो फ लिहिलाय. एकटं ‘य’ (तू, तुझा), ‘द’ (इंग्रजी ‘द’सारखा, ठरावीक वस्तू दाखवणारा) ही मुळाक्षरं म्हणतो तशी म्हणायची. ‘हत’ म्हणजे ते, ‘अन’ म्हणजे एक. शब्दाच्या शेवटी डी असेल तर उच्चार त होतो, बी असेल तर प. शेवटच्या टीआधीच्या बीचंही तेच, म्हणून ‘हेप्त’.

आता नमुन्याचं वाक्य:

य फीत्स माख मे, मित्स य अन कार्त्य हेप्त.
सायकल सोबत नेता येईल, पण तिकीट असेल तरच.

डच रेल्वेत हे खरंच असं आहे. साध्या सायकलीला वेगळं तिकीट लागतं, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळात ती नेता येत नाही. घडीची सायकल मात्र कधीही फुकट नेता येते, घडी घातलेली असेल तर. त्याचं डच आणखी छोटं: फाउफीत्स माख आल्तेइत मे, मित्स ओपखफाउवन. ‘घडी घातलेली असल्यास’ एवढ्यासाठी मित्सपुढे फक्त धातुसाधित ठेवलं. कर्ता नाही, ‘आहे’ नाही. पाट्यांवर आणि अटींच्या यादीत ही आखूड रचना फार दिसते. ‘मित्स ओप तेइत खमेल्त’ म्हणजे वेळेत कळवल्यास. वाचताना क्रियापद शोधत बसू नका, ते मुद्दामच गाळलेलं असतं.

मराठीशी तुलना केली तर एक फरक लगेच दिसतो. आपण अट आधी सांगतो: तिकीट असेल तरच सायकल नेता येईल. डचमध्ये आधी परवानगी, मग स्वल्पविराम, मग मित्स आणि अट. मित्सचं उपवाक्य सुरुवातीला आणणं व्याकरणात बसतं, पण ते लेखी आणि जरा ताठर वाटतं. शिकणार्‍याने ते शेवटीच ठेवावं. त्यात फायदाही आहे, तो पुढे येतो.

क्रियापद कुठे जातं

इथे मराठी माणसाला इंग्रजीवाल्यापेक्षा सोपं जायला हवं, आणि तरी जात नाही. डचमध्ये मुख्य वाक्यात क्रियापद दुसर्‍या जागी असतं, पण आल्स, मित्स, तेन्झेइ (‘... तर मात्र नाही’), इन्दीन (‘-ल्यास’) यांनी सुरू होणार्‍या उपवाक्यात ते शेवटी जातं. म्हणजे अगदी मराठीसारखं. ‘मित्स य अन कार्त्य हेप्त’ हे शब्दाला शब्द ‘तरच, तुझ्याकडे एक तिकीट असेल’ असं आहे. ‘असेल’ शेवटी, ‘हेप्त’ही शेवटी. अडचण एवढीच की डच बोलताना डोकं इंग्रजीच्या रुळावर चढतं आणि तोंडातून ‘मित्स य हेप्त अन कार्त्य’ निघतं. चूक. उपवाक्य आधी मराठीत मनात म्हणा, त्या क्रमाने शब्द ठेवा, बहुतेक वेळा बरोबर येईल.

‘बहुतेक वेळा’ म्हटलं, कारण चार ठिकाणी मराठी क्रम फसवतो.

पहिलं ठिकाण कर्त्याचं. मराठीत ‘पावती असेल तर’ म्हणून आपण मोकळे होतो. कोणाकडे, ते ऐकणार्‍याला कळतं. डचमध्ये कर्ता सांगावाच लागतो, आणि तो मित्सच्या लगेच नंतर येतो: मित्स य द बोन हेप्त. पाऊस, थंडी, ऊन यांनाही ‘हत’ हा नावापुरता कर्ता हवा. ‘मित्स द्रोख इस’ असं लिहिलं तर अपुरं. ‘मित्स हत द्रोख इस’, म्हणजे कोरडं असेल तरच.

दुसरं काळाचं, आणि हे खरं जडणारं दुखणं आहे. ‘पाऊस आला तर’ यात आपण भूतकाळी रूप वापरतो, ‘तिकीट असेल तरच’ यात भविष्याचं. डचमध्ये दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ: आल्स हत रेखन्त, मित्स य अन कार्त्य हेप्त. ‘आला’ डोक्यात असल्यामुळे कुणी ‘आल्स हत रेखन्द’ म्हणालं तर ऐकणारा पुढे काल्पनिक काहीतरी येणार म्हणून वाट पाहतो, ‘पाऊस आला असता तर’ या जातीचं. एका अक्षराने अर्थ पालटतो. आणि ‘असेल’साठी भविष्यकाळाचं सहायक क्रियापद जोडलं तर वाक्य कळेल, पण कुठल्याच डच माणसाने ते तसं म्हटलं नसतं.

तिसरं जोडक्रियापदांचं. ‘मेनेमन’ म्हणजे सोबत नेणं. मुख्य वाक्यात त्याचे दोन तुकडे होतात: इक नेम मेइन पासपोर्त मे. मित्सनंतर तुकडे परत जुळतात आणि एक शब्द होऊन शेवटी बसतात: मित्स य य पासपोर्त मेनेम्त. ‘मित्स य नेम्त य पासपोर्त मे’ ही चूक ऐकली की कळतं, मुख्य वाक्य पाठ आहे आणि ते तसंच्या तसं चिकटवलंय.

चौथं दोन क्रियापदं एकत्र आल्यावरचं. ‘पैसे भरले असतील तरच’ याचं डच दोन प्रकारे होतं: मित्स य हेप्त बताल्त, किंवा मित्स य बताल्त हेप्त. दोन्ही शुद्ध. पहिल्याला डच व्याकरणात लाल क्रम म्हणतात, दुसर्‍याला हिरवा. हिरवा आपल्या ‘भरले असतील’शी जुळतो, आधी धातुसाधित आणि मग सहायक, म्हणून तोच धरावा असं माझं मत. डच संपादक कधीकधी लाल क्रम पसंत करतात, तो त्यांचा प्रश्न. मात्र ‘शकणं’ आलं की हिरव्याचा आग्रह सोडा. ‘तो येऊ शकत असेल तरच’ हे ‘मित्स हेइ कान कोमन’ असं सहज वाटतं. कान म्हणजे शकतो, कोमन म्हणजे येणं. मराठीच्या बरोबर उलट.

आणखी एक बारीक गोष्ट. शेवटी म्हणजे अगदी शेवटी असंही नाही. ‘मेत’ (सोबत, -शी) असल्या संबंधी अव्ययाने सुरू होणारा तुकडा क्रियापदानंतर लोंबकळलेला चालतो: मित्स य रेकनिङ हाउत मेत द रेखल्स, म्हणजे नियम लक्षात ठेवलेस तर. ‘मेत द रेखल्स’ हाउतच्या आधी घेतलं तरी चालतं. वृत्तपत्रात हे दिसलं म्हणून नियम मोडला असं समजू नये.

आता तो फायदा. आल्सचं उपवाक्य आपण मराठीप्रमाणे पुढे ठेवतो, आणि मग मुख्य वाक्यात उलटापालट करावी लागते: आल्स हत रेखन्त, नेम इक द त्रेइन. पाऊस आला तर मी ट्रेन घेतो. स्वल्पविरामानंतर आधी ‘नेम’ (घेतो), मग ‘इक’ (मी). ‘इक नेम’ म्हणणं ही परदेशी माणसाची सर्वांत मोठी खूण. यावर एक तोडगा: जिथे मराठीत ‘तर’ येतो, तिथे डचमध्ये मनातल्या मनात ‘दान’ म्हणा आणि त्याला क्रियापद चिकटवा. दान नेम इक. मग दान गाळला तरी नेम पुढेच राहतो. गंमत अशी की आपण ‘जर’ गाळतो आणि ‘तर’ ठेवतो, तर डच माणूस आल्स ठेवतो आणि दान गाळतो. मित्समध्ये ही कटकटच नाही. मुख्य वाक्य आधी होऊन जातं, त्याला कुणी हात लावत नाही, दानही लागत नाही.

मित्स म्हणजे नेमकं किती ‘तरच’

‘अभ्यास केलास तरच पास होशील’ या वाक्यात अभ्यास लागतोच, पण अभ्यास केला म्हणजे पास झालाच असं वचन नाही. मित्समध्ये थोडं वचन असतं. ‘पैसे परत मिळतील, मित्स पावती आहे’ असं दुकानदार लिहितो तेव्हा पावती दाखवली की त्याला पैसे द्यावे लागतात. म्हणून मित्सचं जास्त अचूक मराठी ‘अट एवढीच की’ असं आहे. य क्रेइख्त हत खेल्त तरुख, मित्स य द बोन हेप्त: पैसे परत मिळतील, अट एवढीच की पावती हवी.

पण ‘अट एवढीच की’ मनात धरलं की ‘की’ही येतो, आणि मग ‘मित्स दात’ असं लिहिलं जातं. दात म्हणजे ‘की’. प्रमाण डचमध्ये मित्सनंतर दात येत नाही, मित्सच्या पोटातच तो आहे. दात हवाच असेल तर दुसरा वाक्प्रचार घ्या: ओप फोरवार्द दात, म्हणजे ‘या अटीवर की’. तिथे तो अनिवार्य आहे.

दुसरी मर्यादा सुराची. मित्सने मिळणारी गोष्ट ऐकणार्‍याला हवीशी असते: परवानगी, सवलत, परतावा, होकार. ‘ते शिळं खाल्लंस तरच आजारी पडशील’ हे मराठीत चालतं, डचमध्ये तिथे मित्स विचित्र वाटतो, जणू आजारपणाची सवलत देताय. अशा वेळी ‘आलेन आल्स’ (फक्त जर) घ्यावं. आणि ‘वेळ असता तर आलो असतो’ असल्या न घडलेल्या गोष्टींना मित्स लावत नाहीत. तिथे साधा आल्स आणि ‘झाउ’ (‘-लो असतो’चा भाव आणणारं सहायक क्रियापद): आल्स इक तेइत हात, झाउ इक कोमन.

तेन्झेइ: ‘ते नसो’

मित्सचा जोडीदार तेन्झेइ. टी, ई, एन, झेड, आय, जे. जोर दुसर्‍या अवयवावर, ‘झेइ’वर. हा शब्द जुन्या ‘हत एन झेइ’चा आकसलेला अवतार आहे. हत म्हणजे ते, एन हा जुन्या डचमधला नकार, झेइ हे ‘असणं’चं विध्यर्थी रूप, म्हणजे ‘असो’. सरळ मराठीत: ते नसो. उच्चारातही ‘ते न’ ऐकू येतं, लक्षात ठेवायला याहून सोपं काय हवं.

य फीत्स माख मे, तेन्झेइ हत स्पित्स इस.
सायकल नेता येते. गर्दीची वेळ असेल तर मात्र नाही.

(स्पित्स म्हणजे गर्दीची वेळ. मित्सशी यमक जुळतं, पण वाक्यात बसतो तेन्झेइबरोबर.)

नकार शब्दात आधीच आहे, म्हणून पुढे ‘नीत’ (नाही) लावायची गरज नाही. मराठीत ‘पाऊस आला नाही तर जाऊ’ म्हणतो, त्या ‘नाही’चं भाषांतर करायचा मोह होतो: ‘व खान फीत्सन, तेन्झेइ हत नीत रेखन्त.’ याचा अर्थ झाला, आपण सायकलवर जाऊ, पाऊस नसला तर मात्र जाणार नाही. बेडकांची सहल. बरोबर वाक्य: मॉर्खन (उद्या) खान व फीत्सन, तेन्झेइ हत रेखन्त. किंवा तेच मित्सने: मॉर्खन खान व फीत्सन, मित्स हत नीत रेखन्त. मित्स अधिक नकार बरोबर तेन्झेइ, हे समीकरण तुमचं वाक्य तपासायला पुरतं. दोन्ही प्रकारे लिहून पाहा, अर्थ जुळला नाही तर कुठेतरी एक नकार कमी-जास्त झालाय.

नकाराला पूर्ण बंदी मात्र नाही. ‘इक कोम, तेन्झेइ इक खेन ओपास हेप’ म्हणजे मी येईन, मुलांना सांभाळायला कुणी नसेल तर मात्र नाही. इथे ‘कुणी नसणं’ हाच अपवाद आहे, म्हणून ‘खेन’ हवाच.

मराठीत तेन्झेइला एकच प्रतिशब्द नाही, आणि अवघडपण त्यातूनच येतं. मुख्य वाक्य होकारार्थी असेल तर ‘... तर मात्र नाही’. मुख्य वाक्य नकारार्थी असेल तर ‘-ल्याशिवाय’. ‘तू फोन केल्याशिवाय मी येणार नाही’: इक कोम नीत, तेन्झेइ य बेल्त.

पण ‘शिवाय’ दिसला की तेन्झेइ लावायचा, असं केलं तर फसाल. ‘तू आल्याशिवाय मी जेवणार नाही’ यात बहुधा अट नसते, वाट पाहणं असतं. तू येणार आहेस, तोवर थांबतो. डचमध्ये ते ‘फोरदात’ने, म्हणजे ‘च्या आधी’ने सांगतात: इक एत नीत, फोरदात येइ एर बेन्त. तिथे तेन्झेइ घातलं तर ‘तू येशील की नाही कोण जाणे, न आलास तर मी उपाशी’ असा रुसवा ऐकू जातो. आणि नामाला लागलेला शिवाय, ‘ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही’, त्याला तेन्झेइ लागतच नाही. ‘झोन्दर’ (विना) पुरे.

आधी हो की आधी नाही

डच सरकारी भाषेत दोन जोड्या नामासारख्या वापरतात: ‘या, मित्स’ आणि ‘ने, तेन्झेइ’. पहिली म्हणजे ‘हो, पण अट पाळून’. दुसरी म्हणजे ‘नाही, अपवाद सोडून’. संरक्षित निसर्गक्षेत्रात बांधकामाला दुसरं तत्त्व लागतं: मुळात मनाई, आणि मोठं सार्वजनिक कारण सिद्ध केलं तर वाट मोकळी. अर्जदाराच्या दृष्टीने फरक मोठा आहे. पहिल्यात अट पुरी केली की झालं. दुसर्‍यात आपण अपवाद आहोत हे पटवून द्यायचं ओझं आपल्यावर. पत्र हातात पडलं की आधी पहिला शब्द बघा, ‘या’ की ‘ने’.

हाच फरक टपालपेटीवर दिसतो. डच दारांवर जाहिरातपत्रकं नकोत असं सांगणारं ‘ने’चं स्टिकर असतं. स्टिकर नाही म्हणजे पत्रकं येणार: तुम्हाला जाहिराती मिळतात, तेन्झेइ ने-स्टिकर आहे. अॅमस्टरडॅमने १ जानेवारी २०१८ पासून हे उलटवलं. आता ‘या’चं स्टिकर लावलं तरच बिननावाची पत्रकं टाकता येतात. छपाई आणि वितरणवाले न्यायालयात गेले, आणि २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने पालिकेची बाजू उचलून धरली. एक ‘तर मात्र नाही’ जाऊन त्याच्या जागी एक ‘तरच’ आला, एवढाच बदल. कचरा मात्र त्यावर ठरतो. (‘या’चं स्टिकर लावलं तरच, या वाक्यात मित्स शोभेल का? जाहिराती ज्याला हव्यात त्याच्यासाठी शोभेल. बाकीच्यांनी आलेन आल्स घ्यावं.)

अवयवदानाचा कायदाही असाच: १ जुलै २०२० पासून अठरा वर्षांवरील ज्याने काही निवड कळवली नाही, त्याची नोंद ‘हरकत नाही’ अशी होते. म्हणजे ‘या, तेन्झेइ’. नेदरलँड्समध्ये नोंदणी असलेल्यांनी निवड कळवायला सांगणारं पत्र बाजूला टाकू नये.

आल्स, ओफ, इन्दीन: थोडक्यात

‘तो येतो की नाही, मला माहीत नाही’ याला डचमध्ये आल्स नाही, ओफ: इक वेत नीत, ओफ हेइ कोम्त. मराठीतून विचार केला तर ही चूक होऊच शकत नाही, कारण आपणही इथे ‘जर’ म्हणत नाही, ‘की नाही’ म्हणतो. इंग्रजीतला ‘इफ’ हा एकच शब्द दोन्ही कामं करतो, म्हणून ती चूक तिकडून उसनी येते. ‘की नाही’ बसतंय का, बघा. बसलं तर ओफ.

इन्दीन म्हणजे आपलं सरकारी ‘-ल्यास’. तक्रार असल्यास, रक्कम न भरल्यास, आढळून आल्यास. अर्थ आल्सचाच, कपडे इस्त्रीचे. जोर ‘दीन’वर द्यायचा. इंडियाशी काही नातं नाही. हे ‘इन’ आणि जुनं ‘दीन’ (त्या) मिळून ‘त्या बाबतीत’. मित्रांशी बोलताना वापरलं तर ‘चहा हवा असल्यास कळवावे’ असं ऐकू येतं.

ईमेलमध्ये याहून कामाची एक रचना आहे, जिला अव्ययच लागत नाही. क्रियापद सरळ पुढे: मोख्त यू नोख फ्राखन हेबन, दान होर इक हत ख्राख. आणखी काही प्रश्न असल्यास जरूर कळवा. हे वाक्य पाठच करून टाका, ऑफिसात रोज लागतं. दान इथे बहुधा ठेवतात.

बोलताना मित्सऐवजी

डच सरकार नागरिकांसाठीचा मजकूर बी-वन पातळीत (भाषाज्ञानाच्या युरोपीय मोजपट्टीवरच्या मधल्या पायरीवर) लिहायचा प्रयत्न करतं, आणि सोप्या भाषेचा सल्ला देणारे मित्स, तेन्झेइ, इन्दीन तिघांनाही टाळायला सांगतात. कारण परदेशी माणूसच नाही, डच वाचकही मित्स आणि तेन्झेइची अदलाबदल करतात. त्यांच्या जागी येतात: मित्ससाठी ‘आलेन आल्स’, तेन्झेइसाठी ‘बहाल्व आल्स’ (अपवाद, जर), इन्दीनसाठी साधा आल्स. अर्थ लागत नसेल तेव्हा वाक्यात हेच घालून बघायचं. तेन्झेइच्या जागी बहाल्व आल्स ठेवल्यावर वाक्य वेडगळ झालं तर तुमचा नकार चुकलाय.

बोलताना डच माणूस मित्सचं काम दोन छोट्या शब्दांवर भागवतो. एक ‘मार’: य फीत्स माख मे, आल्स य मार अन कार्त्य हेप्त. तिकीट असलं म्हणजे झालं. हा मार ‘पण’ नव्हे, हा आपला ‘म्हणजे झालं’. दुसरा ‘तेन्मिन्स्त’: व खान फीत्सन, आल्स हत तेन्मिन्स्त द्रोख इस. जाऊ की, कोरडं असलं तर. याची तेन्झेइशी गल्लत करू नका, सुरुवात सारखी असली तरी एकाच्या पोटात नकार आहे आणि दुसर्‍याच्या नाही. हे दोन शब्द जमले की बोलणं पुस्तकी वाटत नाही. मित्स मग वाचण्यासाठी, अर्जासाठी आणि परीक्षेसाठी ठेवा. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नागरी एकात्मता कायद्यात बी-वन हे ध्येय आहे. त्यापुढच्या, बी-टू पातळीच्या राज्य परीक्षेत वाचनाचे उतारे हे शब्द गृहीत धरूनच काढलेले असतात.

सरावासाठी डच पुस्तक लागत नाही. मराठी पाट्या आणि सूचना पुरतात: ‘पावती दाखवल्यासच वस्तू मिळेल’, ‘परवानगी घेतल्याशिवाय आत येऊ नये’, ‘हवामान चांगले असल्यास कार्यक्रम मैदानात’. प्रत्येकीचं आधी वर्गीकरण करा, अट की अपवाद. मग मुख्य वाक्य आधी, क्रियापद शेवटी, काळ वर्तमान, कर्ता हजर. पहिलीला मित्स, दुसरीला तेन्झेइ किंवा झोन्दर, तिसरीला इन्दीन. मग दुसरीच मित्सने लिहून बघा: ‘आत येता येईल, परवानगी घेतली असेल तरच.’ सुरुवात ‘नाही’वरून ‘हो’वर गेली. नियम तोच, पण पाटी लावणारा जरा प्रेमळ वाटायला लागला.

बेल्जियममध्ये, म्हणजे अँटवर्प किंवा गेंटकडे, मित्सचं आणखी एक रूप भेटेल: पुढे वाक्य नाही, नुसतं नाम. ‘मित्स बतालिङ फान’ म्हणजे ‘अमुक रक्कम भरून’. जुन्या डचमध्ये मित्सचा अर्थ ‘च्या योगे’ असा होता, तो तिथे टिकलाय. बेल्जियममध्ये ते प्रमाण धरतात, नेदरलँड्समध्ये लिहिलं तर तुम्ही डच कुठे शिकलात ते लगेच ओळखतात. आणि दोन्हीकडे चालणारा एक वाक्प्रचार: ‘झोन्दर मित्सन एन मारन’. मित्सचं अनेकवचन, मारचं अनेकवचन, दोन्हींशिवाय. जर-तर न करता.